क्लेमेंटीनचा आवाज

विरारजवळच्या राजोडीच्या रस्त्याला क्लेमेंटीनची केळीची वाडी होती, आणि त्या वाडीत ती बोलली की आजूबाजूच्या तीन वाड्यांत ऐकू जायचं. हे मी कौतुकानं सांगत नाही. ती नुसती "मीठ संपलं" म्हणाली तरी शेजारचा नथू हातातली कुदळ टाकून उभा राहायचा, कारण त्याला वाटायचं, आपल्या बकरीनं पुन्हा हिचं काहीतरी खाल्लं. बहुतेक वेळा खाल्लेलं असायचंच. चर्चमध्ये ती गायला लागली की बाकीच्यांनी तोंड हलवलं नाही तरी चालायचं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, मनानं निर्मळ बाई. पण हळू बोलणं म्हणजे काय ते तिला देवानं शिकवलंच नव्हतं.

तिची सुकेळी मात्र नावाजलेली. राजेळी केळी पुरती पिकू द्यायची, सोलायची, बांबूच्या मांडवावर उन्हात पसरायची, रोज हातानं उलटायची आणि दव पडायच्या आत उचलून घरात घ्यायची. आठेक दिवसांत ती आक्रसून मधाच्या रंगाची होतात, आणि केळीच्या सुक्या पानात बांधली की कित्येक महिने टिकतात. म्हणून घरचं कोणी लांब राहत असलं की त्याच्या नावानं सुकेळ्यांची एक पुडी बाजूला ठेवायची, अशी तिकडची रीत. क्लेमेंटीनची पहिली पुडी दर वर्षी मुंबईला जायची, धाकट्या बहिणीकडे, अँजेलिनाकडे.

चव्वेचाळीसच्या एप्रिलात मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं. अँजेलिनाचा नवरा गोदीत कामाला होता आणि त्यांचं बिऱ्हाडही तिथून जवळच होतं. नवराबायको दोघंही गेली. पुरायला काही हाती लागलं नाही. त्यांची चार वर्षांची पॉलिन तेवढी पडक्या खोलीतल्या खाटेखाली सापडली, अंगावर एक ओरखडा नाही. आठवड्यानं तिचा काका कॉन्रॅड तिला विरारहून बैलगाडीत घालून क्लेमेंटीनच्या दारात घेऊन आला.

"माझी पोर गो!" म्हणून क्लेमेंटीननं जो हंबरडा फोडला, तो समुद्रावर ऐकू गेला असेल. पोर कॉन्रॅडच्या हातातून निसटली, घरात शिरली आणि समोर दिसेल त्या खाटेखाली गेली. दुपार गेली, दिवेलागण झाली, तरी बाहेर येईना. क्लेमेंटीन जमिनीवर पालथी पडून आत बघत राहिली. पोरीचा झगा ओला झाला होता आणि तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं. त्या दिवशी क्लेमेंटीनला पहिल्यांदा आपल्या आवाजाची लाज वाटली.

मग ती हळू बोलायला शिकू लागली, चाळीस वर्षांची बाई. सोपं नव्हतं ते. सुरुवातीला ती कुजबुजायची तेही नथूला ऐकू जायचं. भांडण आलं की ती कुंपण ओलांडून नथूच्या अंगणात जायची आणि तिथं हलक्या आवाजात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. नथूला ते आरड्याओरड्यापेक्षा भयंकर वाटे. भांडी ती फडक्यात गुंडाळून ठेवी. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवी.

पण पॉलिन काही बोलेना. डॉक्टर म्हणाला, कान चांगले, घसा चांगला. रात्री अंथरूण ओलं, अंगाला मांस चढेना, पाचाची झाली तरी तिनाची दिसे. नारळ पडला तरी खाटेखाली. मुलं खेळायची तेव्हा ही दाराला पाठ लावून रस्त्याकडे बघत बसायची. क्लेमेंटीननं मीठमोहऱ्या ओवाळल्या, नवस बोलली, बकरीचं दूध पाजलं. तेही नथूच्याच बकरीचं, म्हणजे बघा. आणि पोर रस्त्याकडे बघायला लागली की प्रेमानं जवळ घेऊन सांगायची, "येईल हां तुझी आई. मुंबईला गेलीय, येईल." सगळा गाव तेच सांगायचा. एवढ्याशा जिवाला खरं कसं सांगायचं? कोणाचा जीव धजावत नव्हता.

पुढच्या वर्षीचा पावसाळा सरता सरता कॉन्रॅड पुन्हा आला. माणूस वाईट नव्हता. ओटीवर बसून त्यानं टोपी मांडीवर ठेवली.

"बाय, दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "पोर मुकी राहणार. मुंबईत मुक्या मुलांची शाळा आहे, तिथंच राहायची सोय आहे. खुणांनी का होईना, काही शिकेल तरी. नाताळपर्यंत बघू. तोवर बोलली नाही तर मी येऊन घेऊन जातो."

क्लेमेंटीनला म्हणायचं होतं, नेऊन तर बघ. पण पॉलिन आतच होती, म्हणून तिनं आवाज गिळला, आणि गिळलेल्या आवाजाबरोबर भांडणही गिळलं गेलं. मान हलली ती होकाराची दिसली.

ऑक्टोबरात पहिली सुकेळी निघाली आणि पुड्या कमी भरू लागल्या. संशय अर्थातच बकरीवर. पण एके दिवशी खाटेखाली झाडताना झाडू कशाला तरी अडला. केळीच्या सुक्या पानात वेडीवाकडी बांधलेली अकरा पुडकी तिथं होती. आतल्या सुकेळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. क्लेमेंटीनच्या डोक्यात तिडीक गेली. "चोरी करतेस? माझ्या घरात?" असं तिच्या तोंडून निघालं, आणि जुन्या आवाजात निघालं. पॉलिन भिंतीला चिकटली. मग पुडकी पोटाशी धरून तिथंच खाली बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. क्लेमेंटीनही जेवली नाही.

ऑल सोल्स डेच्या, म्हणजे मेलेल्यांच्या आठवणीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी, नोव्हेंबरात, फ्लॉसी आली. ती अँजेलिनाची मुंबईतली भिंतीपलीकडची शेजारीण. मूळची इकडचीच, आईबापांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला आली होती. चहा पिता पिता तिनं विचारलं, पोर कशी आहे, आणि क्लेमेंटीननं सगळं सांगितलं.

फ्लॉसीनं कप खाली ठेवला. "बाय, तुला कोणी सांगितलं नाही?" ती म्हणाली. "स्फोट दोन झाले. पहिला झाला तेव्हा अँजेलिनानं पोरीला खाटेखाली सरकवलं. मी भिंतीआडून ऐकलं. म्हणाली, इथं गप्प बस. मी बाबाला बघून येते. मी येईपर्यंत आवाज करायचा नाही. मग ती धावत गेली आणि दुसरा झाला."

क्लेमेंटीनची नजर खाटेखाली गेली. मग तिला एकेक करून सगळं दिसू लागलं. पोर मुकी नव्हती. पोर आईचं ऐकत होती. आई येईपर्यंत आवाज करायचा नव्हता, आणि आई येईल असं मावशी रोज, स्वतःच्या तोंडानं, प्रेमानं सांगत होती. ती अकरा पुडकी लांब असलेल्या माणसासाठी बाजूला ठेवलेली होती. क्लेमेंटीननं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, अगदी फ्लॉसीसमोर.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव चर्चमागच्या कबरींवर फुलं घेऊन लोटला. अँजेलिनाची कबर नव्हती, म्हणून क्लेमेंटीननं नवऱ्याच्या कबरीशेजारी बांबूच्या दोन काटक्यांचा क्रूस रोवला, मांडवाच्याच बांबूंचा. पॉलिनला मांडीवर घेतलं. जे बोलायचं होतं ते तिनं आयुष्यातल्या सगळ्यात हळू आवाजात सांगितलं.

"पोरी, मी खोटं बोलले. तुझी आई येणार नाही. ती मेली. तिला यायचं होतं, पण मेलेलं माणूस येत नाही. ती तुला गप्प बस म्हणाली होती ना? तू बसलीस. शहाणी माझी बाय. पण ते त्या दिवसापुरतं होतं. आता आवाज केलास तर चालतं. आई रागावणार नाही."

पॉलिन त्या क्रुसाकडे बघत राहिली. घरी गेल्यावर खाटेखाली शिरली, एक पुडकं घेऊन बाहेर आली आणि ते तिनं मावशीच्या हातात दिलं. मग रडली. दीड वर्षानं आवाज काढून रडली, आणि असली रडली की नथू कुंपणावरून उडी मारून आला. "काय झालं, काय झालं?" क्लेमेंटीननं त्याला दारातच अडवलं. "रडते आहे," ती म्हणाली, आणि तिचा स्वतःचा चेहरा ओलाचिंब होता. "रडू दे."

पण रडणं म्हणजे बोलणं नव्हे. डिसेंबर उजाडला तरी शब्द नाही. नाताळच्या तिसऱ्या दिवशी कॉन्रॅड आला. क्लेमेंटीननं त्याला फाटकातच धरलं आणि हलक्या आवाजात सांगू लागली, थोडं थांब, पोर रडते आता, एक दिवस हसलीसुद्धा. कॉन्रॅड म्हणाला, "बाय, जागा धरून ठेवलीय. आज नेलं नाही तर जाईल." आणि ओटीवर जाऊन त्यानं पोरीच्या कपड्यांच्या पत्र्याच्या पेटीला हात घातला. क्लेमेंटीननं पेटीचं दुसरं कडं धरलं. अशी दोघं पेटी ओढत उभी असताना मांडवाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"मावशे! बकरी!"

दोघांच्याही हातून पेटी सुटली. मांडवापाशी पॉलिन कमरेवर हात देऊन उभी होती, आणि नथूची बकरी पुढचे पाय वर ठेवून निवांत सुकेळी खात होती.

"मावशे, बकरी खाते!" पॉलिन पुन्हा ओरडली. आवाज घोगरा होता, पण तीन वाड्यांत जाईल एवढा होता.

"खाऊ दे," क्लेमेंटीन म्हणाली आणि मटकन पायरीवर बसली. "खाऊ दे तिला. सगळी खाऊ दे." कॉन्रॅडनं पेटी स्वतः आत नेऊन ठेवली.

एका हाकेनं सगळं बरं झालं, असं सांगणारे लोक मला आवडत नाहीत. पॉलिन अक्षरं शिकली ती नवव्या वर्षी. दार बंद करून ती कधी झोपली नाही. लग्नात फटाके वाजले की मोठी झाल्यावरही तिचे हात गार पडत. पण मावशीनं एक नेम धरला. विहिरीवर जायचं तरी ती पोरीला सांगायची, "दोन कळशा भरते आणि येते," आणि दोन कळशांत यायची. एकदा आगाशीच्या बाजारात उशीर झाला, तर घरापर्यंत धावत आली, पन्नाशीला टेकलेली बाई, एक चप्पल वाटेत टाकून.

सत्तावन साली पॉलिन शिवणकाम शिकायला मुंबईला निघाली, वांद्र्याच्या सिस्टरांकडे राहायला. निघताना म्हणाली, "मावशी, सहा दिवस राहते आणि शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं येते." क्लेमेंटीन हसली, हात हलवला आणि मग आठवडाभर कोणाशी एक शब्द बोलली नाही. नथूच्या बकरीच्या नातीनं मांडवाची एक अख्खी रांग फस्त केली, तरी नाही. त्या मुंबईनं एक बहीण घेतली होती, ती परत दिली नव्हती.

शनिवारी ती चारलाच फाटकापाशी येऊन बसली. संध्याकाळची एस.टी. आली, धूळ उडवून गेली, कोणी उतरलं नाही. दव पडायची वेळ झाली. सुकेळी उचलायला ती उठली नाही. नथूनं आपणहून येऊन ती आत नेऊन ठेवली, आणि तिच्याशेजारी बसून राहिला. ती रस्त्याकडे बघत होती, पाठ फाटकाला टेकून, आणि तिचा एक हात नकळत तोंडावर गेला होता.

तेवढ्यात तीन वाड्यांपलीकडून, अंधारलेल्या केळींतून, हाक आली.

"मावशे! आगगाडी बंद पडली! एस.टी. चुकली! विरारहून चालत आले!"

क्लेमेंटीन उठली. तिनं तोंडावरचा हात काढला आणि तेरा वर्षं सांभाळून ठेवलेला आवाज एकदम सोडला.

"ये गो माझे बाय! ये!"

केळीवरचे कावळे उठले, घराघरांतून माणसं कंदील घेऊन बाहेर आली आणि नथूनं दोन्ही कानांवर हात ठेवले. पलीकडून पॉलिनच्या हसण्याचा आवाज आला.