सुमनचं कार्ड

सत्तरच्या दशकात सानगडीच्या बाजारात दिवाळीआधी एक बाई धानाचे दाणे चिकटवलेली शुभेच्छापत्रं आणि धानाचीच कर्णफुलं विकायची. प्रत्येक कार्ड ती आधी उलटं धरून झटकायची. दाणा पडला तर विकायची नाही. तशीही विक्री कमीच, कारण प्रत्येक कार्डात आधीच कुणाचं तरी नाव लिहिलेलं असे.

"कोरं नाही का?" मी विचारलं.

"नाव धरल्याबिगर हात चालत नाही जी. ज्यायचे पत्ते हायेत त्यायले धाडले. हे बिनपत्त्याच्या लोकायचे."

मी 'प्रिय सुमन' घेतलं आणि कर्णफुलांसह माझ्या बहिणीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, 'कर्णफुलं घातली. पण सुमन कोण?'

पुढच्या दिवाळीत बाईनंच विचारलं, "सुमनले पोचलं का जी?"

"पोचलं," मी म्हणालो. "कर्णफुलं घातली तिनं."