अक्काला बोट लागते

मासे न खाणाऱ्या माणसांनी मासे बघू नयेत, असा काही कायदा आहे का? देशात नसेल, पण आमच्या मंगळवार पेठेत तो लागू आहे. मी आणि अक्का कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर डायव्हिंगला जाणार, ही बातमी फुटल्यापासून मला हा प्रश्न पिठाच्या गिरणीत विचारला गेला, शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारला गेला आणि एका लग्नात तर नवऱ्या मुलाकडच्या एका बाईनं हातात जिलबी तशीच धरून विचारला, "तुम्ही मासं खात न्हाईसा न्हवं? मग बघायला एवढ्या लांब कशाला जायाचं?" ताजमहाल बघायला जाणारे काय तो खाऊन येतात? हे मी त्या बाईला विचारणार होते, पण अक्कानं टेबलाखालून माझा पाय दाबला.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. बाकी सगळे तिला वहिनी म्हणतात. मी कर्नाटकच्या सीमेकडची, म्हणून माहेरच्या सवयीनं लग्न झाल्यापासून अक्काच म्हणत आले. ती साठीला टेकली आहे. पेठ वडगावजवळच्या एका मळ्यात वाढलेली, पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेली. लग्न होऊन शहरात आली आणि तिचं पोहणं बंद झालं. कुणी बंदी घातली नव्हती म्हणे. नुसतं कुणी कधी विचारलं नाही. तीस-पस्तीस वर्षं एका पट्टीच्या पोहणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही, याला आमच्याकडे बंदी म्हणत नाहीत.

घर एक, स्वयंपाकघर एक. दोघा भावांची मिळून गुळाची अडत. मी एका शाळेत भूगोल शिकवते, अक्का घर चालवते. मुलं पुण्यात. डायव्हिंगचं खूळ आमच्या डोक्यात घातलं ते खरं तर पुरुषांनीच. काही वर्षांपूर्वी सगळे मालवणला गेलो होतो. तिथं पर्यटकांना सिलिंडर बांधून पाण्याखाली नेतात, माशांबरोबर फोटो काढून देतात. माझे थोरले दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, मोठ्या रुबाबात पहिले उतरले आणि कान धरून लगेच वर आले. माझा नवरा बोटीच्या पायऱ्यांवरच थांबला. खाली गेलो आम्ही दोघी. वर आल्यावर जेवताना अक्का मध्येच म्हणाली, "परत यायला पायजे." पुढच्या दोन सुट्ट्यांत आम्ही रीतसर कोर्स केला. कागदावर आम्ही आता डायव्हर आहोत.

अडचण एकच. अक्काला बोट लागते. पाण्याखाली ती मासोळीसारखी असते, पण तिथवर नेणारी बोट हलायला लागली की तिच्या पोटातलं सगळं बाहेर. गोळ्या झाल्या, आलं झालं, लिंबू झालं. शेवटच्या खेपेला ती इतकी गळून गेली की पाण्यात उतरलीच नाही, बोटीच्या कडेला डोकं टेकून बसून राहिली. मीही उतरले नाही. एकटीनं उतरायचं नाही हा या खेळाचा पहिलाच नियम आहे, आणि अनोळखी माणसाबरोबर उतरायची मला हौस नव्हती. परतताना फोंडा घाटात ती म्हणाली, "झालं की आता. तू दुसरी कुणीतरी बघ." मला तिचा राग आला. दुसरी कुणी म्हणजे काय, भाजीवाली आहे का?

घरी आल्यावर मी शोधायला लागले, आणि शोधता शोधता ते बेट सापडलं. आयुष्यभर मी तो भाग नकाशावर काठीनं दाखवत आले. वादळांचा पट्टा त्या बेटाच्या उत्तरेकडून जातो हेही मुलांकडून घोकून घेतलं, पण तिथं समुद्रात चालत उतरता येतं हे मला ठाऊक नव्हतं. बोट नाही, काही नाही. किनाऱ्याला लागून रस्ता. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड, त्यावर जागेचं नाव. मालवाहू गाडी भाड्यानं घ्यायची, मागं सिलिंडर टाकायचे, पिवळा दगड दिसला की थांबायचं, रस्त्यावरच सगळं अंगावर चढवायचं आणि चालत पाण्यात शिरायचं. थोडं पोहलं की खाली प्रवाळाचा उतार सुरू. मी हे अक्काला वाचून दाखवलं तेव्हा ती शेंगा निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "चालत?" तिनं विचारलं. "चालत," मी म्हटलं. "मग गुडघं हाईत तवर जाऊया."

गुडघे हाच खरा प्रश्न होता. डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलंय की एक-दोन वर्षांत ऑपरेशन करावं लागेल. पाठीवर सिलिंडर घेऊन खडबडीत प्रवाळावरून चालणं त्यानंतर विसरायचं. म्हणजे जायचं तर याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाली की.

सगळा मे महिना आम्ही तयारी केली. दुपारची भांडी झाली की माडीवर जायचं, फरशीवर त्या बेटाचा नकाशा पसरायचा आणि कुठला दगड अक्काच्या गुडघ्यांना झेपेल ते ठरवायचं. काही ठिकाणी खाली उतरायला उंच पायऱ्या, त्या बाद. काही ठिकाणी सरळ वाळू, त्यांच्यावर खूण. जाड तळव्याचे बूट मागवले. बेट डचांचं, म्हणून डच वकिलातीच्या व्हिसासाठी काय काय लागतं ते पाहिलं. गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या आणि आत काही ठेवायचं नाही, नाहीतर चोर काचा फोडतात, हे वाचून अक्का म्हणाली, "म्हंजे पर्स पण पाण्यात न्यायची व्हय?" वजन घेऊन चालायचा सराव पाहिजे, म्हणून अडतीतला दहा किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, जाळीच्या पिशवीत घालून तिच्या पाठीवर बांधला आणि आम्ही पंचगंगेच्या घाटावर गेलो. ती गुडघाभर पाण्यात पायऱ्या उतरायची, चढायची. तिथं म्हैस धूत असलेला एकजण ओरडला, "ओ पावणं, गूळ इसर्जन करायला आलाय व्हय?" अक्का इतकी हसली की तोल जाऊन बसलीच.

त्या महिन्यात मी तिला जितकं हसताना पाहिलं तितकं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच पुढं जे झालं त्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरात सांगितल्यावर माझा नवरा म्हणाला, "माझं काय न्हाय, दादा काय म्हणतोय बघ." हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले आहे. पडद्याचा रंगसुद्धा आमच्याकडे दादा काय म्हणतोय बघूनच ठरतो. आणि दादांनी, म्हणजे भावजींनी, सरळ नाही म्हटलंच नाही. नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. ते म्हणाले, "बघूया की." मग रोज एक बघायचं निघालं. शार्क असतात म्हणे. विमान दोनदा बदलायचं म्हणे. तिथं शाकाहारी काय मिळणार? बायका दोघीच, गाडी कोण चालवणार? मी चालवणार, रोज शाळेला काय घोड्यावर बसून जाते? प्रत्येकाला मी उत्तर दिलं, आणि प्रत्येक उत्तरानंतर ते म्हणाले, "बघूया की." अक्काचं हसू गेलं. घाटावर जाणं बंद झालं. एक दिवस मला तो जाड बुटांचा खोका माळ्यावर टाकलेला दिसला, आणि मी एकटीच माडीवर बसून रडले. रागानं रडले, हे सांगून ठेवते.

आषाढ संपता संपता त्यांना हवं ते कारण सापडलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात. रोज सकाळी अंघोळीनंतर ते तळहातावर घेऊन ज्याची त्यानं पूजा करायची, मगच तोंडात पाणी घालायचं. अंगावरून ते उतरवायचं नसतं. भावजी एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "ते डायव्हिंगवाले दागिनं काढायला लावत्यात न्हवं? मग लिंग पण काढाय लागणार. देव काढून ठेवून परमुलखातल्या पाण्यात उतरायचं? आपल्यात चालतंय व्हय हे?" आणि वर म्हणाले, "श्रावणात स्वामी येणार हाईत जेवायला. त्यांनाच इचारूया." म्हणजे आता निकाल मठातून यायचा होता. आयुष्यात कधी शिवरात्रीला जागलेला नाही हा माणूस! नुसता नाकानं कांदे सोलत होता.

श्रावणातल्या सोमवारी स्वामी आले. वयस्कर, सौम्य माणूस. पाद्यपूजा झाली, पान वाढलं, दोघे भाऊ शेजारी बसले, आम्ही दोघी वाढत होतो. पुरणपोळीवर तूप पडायची वाट बघून भावजींनी विषय काढला. "सामी, तुम्हीच सांगा. लिंग अंगावरनं उतरवून समुद्रात गेल्यालं चालतंय का?"

"तसं चालत न्हाई," स्वामी म्हणाले. मग त्यांनी एकदा अक्काकडं पाहिलं, एकदा भावजींकडं. "पर घरच्या मालकाच्या मनात काय हाय, ते बी बघाय पायजे."

प्रश्न देवाचा होता आणि उत्तर मालकाचं आलं. मी तुपाची वाटी आदळली. "मालकाचा काय संबंध?" मी म्हटलं. "गुडघे तिचे, देव तिचा. मालक कुठं आला मध्येच?" माझ्या नवऱ्यानं पानात इतकं खाली बघितलं की मला वाटलं आता याचं नाक कटाच्या आमटीत जाणार. भावजी म्हणाले, "तू गप गं जरा. मोठी माणसं बोलायल्यात."

"काढलंय कुणी?"

हे अक्का बोलली. तिनं पोळ्यांचं ताट खाली ठेवलं होतं. गळ्याशी बोट घालून तिनं दोरा ओढला आणि डबी बाहेर काढली. "मालवणात बांगड्या काढल्या, जोडवी काढली. हे कधीच काढलं न्हाई. पाण्याखाली बी गळ्यात होतं. वर आल्यावर डबी उघडून पुसून घेती मी. डायव्हिंगच्या मास्तरांनी पयल्या दिवशी इचारलं, मी सांगितलं, मला न्यायचं तर ह्याच्यासकट न्या."

स्वामींचा चेहरा उजळला. "मग तर काय अडचणच न्हाई," ते म्हणाले आणि घाईघाईनं पोळी मोडली.

भावजींचं अवसान गेलं. पण हरणं ज्यांना माहीत नाही ती माणसं अशा वेळी खरं बोलून जातात. "ते झालं," ते म्हणाले, "पर पंधरा-वीस दिस घरातलं कसं व्हायचं? सकाळी दुकानला जायच्या आदी आमचं जेवाण कोण बघणार?"

म्हणजे शार्क नव्हते. विमानं नव्हती. देव तर नव्हताच. साठीच्या बाईच्या आयुष्यातली एकच मागणी या माणसानं तीन महिने भाकरीसाठी अडवून धरली होती, आणि वर देवाला साक्षीला उभं केलं होतं.

अक्का देवघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दुसरी चांदीची डबी होती, काळपट, दोरा नसलेली. ती भावजींच्या पानासमोर उभी राहिली.

"हे तुमचं," ती म्हणाली. "सासूबाई गेल्या तवापासनं हे तुमच्या गळ्यात न्हाई. रोज सकाळी माझं झालं की मी ह्याचं करती. ज्याचं त्यानं करायचं असतंय, मला कळतंय, सामी, चुकलं असंल तर सांगा. पर नुसतंच पडल्यालं बघवत न्हवतं. मी न्हाई तवा ह्याला कोण बघणार, ह्याचाच घोर हाय मला. जेवणाचं बघू मागनं. आदी हे घ्या."

एका घरात इतकी वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं. आमच्या आधी तासभर उठून ती देवघरात का बसते, हे मी कधी विचारलं नव्हतं. भावजींनाही माहीत नसावं. ते लाल झाले, पानावरून उठले, हात धुऊन आले आणि स्वामींसमोर पाटावर बसले. तिनं डबी उघडली. त्यांनी उजवा हात पुढं केला.

"डावा," अक्का म्हणाली. "लिंग डाव्या हातावर घेत्यात."

त्यांनी हात बदलला. मीच विचारलं, "अक्का, भाऊबीजेनंतरची तिकिटं काढू?"

"काढ," ती माझ्याकडं न बघताच म्हणाली. तिचं लक्ष त्यांच्या हाताकडं होतं. "अहो, मूठ करू नका. तळहात उघडा ठेवा."