आई ज्या भाषेत हसल्या

१९८३, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. स्थळ: हुबळीतला एक मठ. हजर: माझ्या सासूबाई, वय पंचाहत्तर, आमचे हे, अर्ध्या दिवसाची रजा काढून, धाकटी मुलगी, शाळा बुडवून, आणि मी, पिशवीत पाण्याची बाटली, आईंच्या गोळ्या आणि कामांची यादी घेऊन. श्रद्धाही हजर होती असं मात्र मला लिहिता येणार नाही.

मी थकले होते. सासऱ्यांच्या मागे आम्ही जुन्या गल्लीतलं घर सोडून नवनगरला आलो आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत आईंचं मन हातातून निसटत गेलं. आधी चष्मा सापडेना, मग दूध उतू जाऊ लागलं, मग एके दिवशी त्या फाटक उघडून थेट मोठ्या रस्त्यावर गेल्या. केशवापूरच्या डॉक्टरांनी मला पाहायच्या गोष्टी सांगितल्या: रक्तदाब, साखर, डोळे, कान, झोप, आणि त्या दिवसभर कुणाशी बोलतात का. मी एकेक तपासून खूण करत गेले. शेवटच्या गोष्टीपाशी थांबलेसुद्धा नाही. घरात पाच माणसं, बोलण्याला काय तोटा? घरभर चिठ्ठ्या डकवल्या: ‘हे न्हाणीघर’, ‘गॅसला हात लावू नये’. रोज सकाळी विचारायची, “आई, आज वार कोणता? मी कोण?” त्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. शेवटी दुर्गदबैलच्या बाजारातून लोखंडी कडी आणली. शुक्रवारी सुतार येणार होता आणि आईंच्या खोलीच्या दाराला ती बाहेरून बसवणार होता. ह्यांनी कडी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, “तुला योग्य वाटेल ते कर.” त्या वाक्याचा मला फार राग आला. कोंडणारी मीच ठरणार होते.

कोंडण्याआधी एकदा दर्शन घडवावं, एवढ्याच हिशेबाने मी त्यांना मठात आणलं होतं. दर्शन झाल्यावर त्यांना ओवरीत बसवलं, “इथून हलायचं नाही” असं दोनदा बजावलं, मुलीला शेजारी ठेवलं आणि आम्ही दोघं प्रसादाच्या रांगेत गेलो. मुलगी चपला बघायला चार पावलं गेली तेवढ्यात आई उठून गेल्या. मग दोन तास शोध. हे बसथांब्याकडे धावले, मुलगी रडत तळ्याच्या पायऱ्यांवर फिरली. मी प्रत्येक दुकानात वर्णन सांगत होते: पांढरं लुगडं, उजव्या गालावर तीळ. सांगता सांगता एक विचार मनात येऊन गेला, की सापडल्या नाहीत तर उद्या सुतार बोलवायला नको. तो विचार माझाच होता. तो लिहायला आजही हात जड होतो.

त्याच पावली मी मठातल्या गुरूंच्या समाधीपुढे येऊन बसले. नवस बोलले नाही, काही मागितलंही नाही. एवढंच म्हटलं, “माझ्याच्यानं होत नाही. आता तुम्ही बघा.” आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं काम दुसऱ्याच्या हाती सोडत होते. किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं. बाईचं हसणं, पदरात तोंड धरून हसल्यासारखं. ते मी ओळखलं, पण दोन वर्षं ऐकलं नव्हतं.

पलीकडे दासोहाचं स्वयंपाकघर होतं, जिथे आल्यागेल्याला जेवण मिळतं. तिथे आई फतकल मारून पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेजारी कपाळाला विभूती लावलेली, इरकली नेसलेली एक बाई होती, आणि दोघींचं कानडीत अखंड चाललं होतं. आई सांगत होत्या माहेरची गोष्ट, अळणावरजवळच्या खेड्यातली: म्हशीच्या शेपटीला धरून ओढा कसा ओलांडला, थोरल्या बहिणीने कशा शिव्या घातल्या. गावाचं नाव, बहिणीचं नाव, म्हशीचंसुद्धा नाव. एकही शब्द अडत नव्हता.

बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तूच का ती चिठ्ठ्यावाली सून?” ती कानडीत म्हणाली. “घरभर चिठ्ठ्या लावतेस म्हणे. म्हातारीच्या कपाळावर तेवढी लावायची राहिली वाटतं!”

कानडी मला समजायची, बोलता मात्र बाजारापुरतीच यायची. तेवढ्या कानडीत मी विचारलं, “आणखी काय म्हणाल्या?”

“सोसी भाळ छलो अदाळ, आद्र माताडंगिल्ल.” सून फार चांगली आहे, पण बोलत नाही.

आई तेराव्या वर्षी या मराठी घरात आल्या आणि मराठी शिकल्या. साठ वर्षं चांगली बोलल्या. पण सासरे त्यांच्याशी कानडीतच बोलत आणि जुन्या गल्लीतल्या शेजारणीही. सासरे गेले, गल्ली सुटली आणि नव्या घरात मी नियम केला: घरात मराठीच बोलायचं. मुलं कानडी शाळेत जात होती, त्यांची मराठी बिघडू नये म्हणून. मी मिरजेची, मला तो नियम किती सोयीचा होता! उशिरा शिकलेली भाषा त्यांच्याकडून आधी निघून चालली होती, आणि मी रोज सकाळी नेमकी त्याच भाषेत त्यांची परीक्षा घेत होते.

पुढच्या गुरुवारी मी त्या बाईसाठी ब्लाउजपीस आणि नारळ घेऊन गेले. तिला कुणी ओळखेना. सेवेला खेड्यापाड्यांतून बायका येतात आणि जातात, तिथल्यांनी सांगितलं. असेलही तसंच. मी वाद घालत नाही. मी हात टेकले त्या घटकेला मला उत्तर मिळालं, एवढं मला पुरतं.

सुतार परत पाठवला. आई बऱ्या झाल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हे वय मागे फिरत नाही. पण दुपारी एक तास आम्ही दोघी काहीतरी सोलत, निवडत बसतो आणि माझ्या मोडक्या कानडीला त्या हसतात. जे आपल्याच्यानं व्हायचं नाही ते सोपवावं, आणि जे होण्यासारखं आहे ते शेजारी बसून करावं, एवढं मला गुरूंनी शिकवलं.

हल्ली त्या मला आपली थोरली बहीण समजतात. परवा माझा हात धरून हळूच विचारलं, “अक्का, तुझी सासू कशी आहे ग? छळत नाही ना?” या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे आणि त्याच्या आधी त्यांची माफी मागायची आहे. दोन्हींसाठीचे कानडी शब्द मला माहीत आहेत. दोन्ही अजून राहिलं आहे.