बाळीवेशीतलं मशीन

माझ्या मैत्रिणीच्या घरी सायक्लोस्टाइलचं मशीन आलं, त्या आठवड्यात मला अन्न गोड लागेना. सासूबाईंना वाटलं, काही गोड बातमी आहे. मी त्यांना काय सांगणार? दुसरीच्या घरात एक काळं लोखंडी धूड आलं आणि इथं माझ्या पोटात दुखायला लागलं, असं सुनेनं सासूला सांगायचं नसतं.

आम्ही दोघी टायपिंगच्या क्लासात शेजारी शेजारी बसायचो. माझा हात तिच्यापेक्षा चांगला होता. हे मी म्हणत नाही, क्लासचे सर म्हणायचे. ती मिरच्या कांडल्यासारखी बटणं बडवायची, चुका करायची आणि वर हसायची. तरी दैव बघा. तिचं लग्न बाळीवेशीतल्या भुसार व्यापाऱ्याच्या घरात झालं आणि माझं गिरणीतल्या कारकुनाशी. आमच्या दोन खोल्यांत मी लग्नात काय आणलं असेल तर वडिलांनी दिलेला मराठी टाइपरायटर. कोर्टानं मोडीत काढलेला तो वडिलांनी मिळवला, स्वतः तेलपाणी केलं आणि मांडवात भांड्यांच्या शेजारी ठेवला. पाहुणे भांडी सोडून तोच बघत होते.

त्यावर मी घरी अर्ज, दाखल्यांच्या नकला असली कामं करायची. पण एका वेळी कार्बन घालून किती प्रती निघणार? तिच्याकडे आता मेणकागदाची स्टेन्सिल मशीनवर चढवली आणि हँडल फिरवलं की कागदामागून कागद बाहेर पडत होते. तिच्या सासऱ्यांनी पुण्यातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून ते आणलं होतं. बायकोला लुगडं आणावं तसं सुनेला मशीन आणलं. मला बोलावून तिनं ते दाखवलं.

"अगं, फिरवून तर बघ की," ती म्हणाली. "लई हलकं जातंय."

मी फिरवलं. खरंच हलकं जात होतं. "बरं आहे," एवढंच म्हणाले आणि घरी येऊन वांग्यांवर राग काढला.

पुढं आमच्या भागातल्या शाळेच्या हेडमास्तरांनी माझं टायपिंग बघून विचारलं, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका कराल का? मात्र टायपिंग आणि छपाई दोन्ही एकाच ठिकाणी हवी. त्या क्षणी मला फक्त एकच दिसलं. माझं स्वतःचं मशीन, माझ्या दारावर माझी पाटी, आणि रस्त्यानं जाताना ती पाटी वाचणारी माझी मैत्रीण. आठ दिवस मी नवऱ्यामागं भुणभुण लावली. शेवटी तो म्हणाला, "चल, बघून तर येऊ की." मनातून मी ठरवूनच टाकलं होतं की तिच्यापेक्षा मोठं घ्यायचं. निदान तिच्यापेक्षा नवं तरी.

नवी पेठेतल्या दुकानात दोन मशीनं मांडलेली होती. एक सपाट, चौकटीत स्टेन्सिल बसवून हातानं रूळ फिरवायचं. दुसरं गोल पिंपाचं, पातळ शाईवर चालणारं, हिरव्या रंगाचं, इतकं चकचकीत की मी त्यात माझं तोंड बघून घेतलं. दुकानदार म्हणाला, आधी तुमच्या टाइपरायटरवर कापलेली स्टेन्सिल घेऊन या. मशीन टाइपरायटरला मानवलं पाहिजे, नाहीतर उपयोग नाही. मला वाटलं, हा उगाच आढेवेढे घेतोय. तरी दुसऱ्या दिवशी रिबन बाजूला सारून, मेणकागदावर नुसती अक्षरं मारून मी एक स्टेन्सिल कापली. एकही चूक नाही. चूक बुजवायचं लाल औषध लावायची वेळच आली नाही.

सपाट मशीनवर स्टेन्सिलची एक बाजू उमटली, दुसरी उमटलीच नाही. हिरव्या मशीनवर पातळ शाई पसरली आणि पानावर अक्षरांच्या जागी काळे ढग आले. दुकानदारानं शाई कमी केली, मग जास्त केली, कागद बदलला. शेवटी स्टेन्सिल उजेडात धरून म्हणाला, "बाई, हात तुमचा झकास आहे. पण टाइपरायटरची अक्षरं झिजल्यात. मेणावर बारीक कापतंय ते. एकतर टाइपरायटर बदला."

टाइपरायटर बदलायचा म्हणजे वडिलांचा द्यायचा. शिवाय नवा मराठी टाइपरायटर नोंदवला तर कधी येईल ते देवच जाणे.

"नाहीतर?" मी विचारलं.

"नाहीतर जुन्या पद्धतीचं, रेशमी पडद्याचं मशीन पाहिजे. घट्ट शाई घेतंय, बारीक अक्षरसुद्धा सोडत नाही. आता येत नाहीत तसली." शाईचे हात पुसत तो म्हणाला, "गावात एक आहे म्हणतात. बाळीवेशीत."

नवऱ्याला हसू आलं. घरी जाईपर्यंत मी त्याच्या चार पावलं पुढं चालले.

हेडमास्तर थांबणार नव्हते, म्हणून मी तीच स्टेन्सिल घेऊन बाळीवेशीत गेले. मनातल्या मनात प्रार्थना करत होते की तिथंही ती बिघडू दे. मैत्रिणीनं स्टेन्सिल चढवली, मी हँडल फिरवलं, आणि पहिलाच कागद असा आला की छापखान्यातून आल्यासारखा. तिची सासू कागद डोळ्यांजवळ नेऊन कानडीत म्हणाली, "छलो ऐतिरी." छान आहे हो.

"माझं ह्यावर असं कधी आलंच न्हाय," मैत्रीण म्हणाली. तिचा टाइपरायटर कोरा, धारदार अक्षरांचा, त्यात तिचा हात जड. स्टेन्सिलवर 'ठ' मारला की त्याचं पोटच गळून पडायचं आणि छापताना तिथं शाईचा गोळा यायचा. मला त्या गोळ्यांचा फार आनंद झाला. पण ती मात्र खुशाल म्हणाली, "मग तू काप, मी छापते. भांडण कशाला?"

भांडण तिचं नव्हतंच. माझं होतं, आणि तेही एकटीचंच.

मग वर्षानुवर्षं तसंच चाललं. मी घरी स्टेन्सिली कापायची, कापडात गुंडाळून तिच्याकडे न्यायची. हेडमास्तरांनाही ते चाललं. शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, लग्नांची आवतणं, सगळं आलं. तिनं माझा वाटा कधी दाबला नाही. दाबला असता तर बरं झालं असतं, मला तिच्याविषयी काहीतरी बोलता आलं असतं. पण गावात लोक काय म्हणायचे? "बाळीवेशीतली छपाई." टायपिंगचं नाव कुणी काढत नव्हतं. एकदा तर माझ्याच घरी आलेल्या पाहुण्यानं मीच कापलेली पत्रिका मला दाखवली आणि म्हणाला, बघा, काय सुरेख काम करतात बाळीवेशीत. मी त्याला चहात साखर घातली नाही.

मग एका दसऱ्याच्या सुमाराला तिच्या घरी विजेवर चालणारं मशीन आलं. मला कळलं तेव्हा पुन्हा तेच, अन्न गोड लागेना. खंडेनवमीच्या सकाळी मी टाइपरायटर पुसून पाटावर ठेवत होते, तोच दारात हातगाडी लागली. गाडीवर ते जुनं मशीन, त्यावर शेंगापोळ्यांचा डबा, आणि मागून चालत ती.

"तुझ्या टाइपरायटरला हेच मानवतं की," ती म्हणाली. "माझ्याकडं नुसतं पडून राहील. ठेव तुला."

पैशाचं काढलं तर तिनं कानांवर हात ठेवले. चहा घेतला आणि गेली.

मशीनवर तिनं पहाटेच पूजा केलेली होती. विभूतीचे तीन पट्टे पिंपावर ठसठशीत दिसत होते. मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले, तर सासूबाईंनी हात धरला. पूजेची विभूती अशी पुसत नाहीत. मग मी त्या पट्ट्यांच्या खाली, उरलेल्या जागेत हळदकुंकू वाहिलं.

संध्याकाळी राहवेना. कापून ठेवलेली एक स्टेन्सिल चढवली. माझा टाइपरायटर, माझं मशीन, माझं घर. हँडल फिरवलं आणि पहिला कागद बाहेर आला. एकही अक्षर बुडालं नव्हतं. मी तो सासूबाईंच्या हातात दिला आणि त्या काय म्हणतात म्हणून थांबले.

त्यांनी कागद उलटा धरला होता. त्यांचं लक्ष मशीनकडे होतं.

"ती पोरगी मनानं लई मोटी हाय बघ," त्या म्हणाल्या.

मी दुसरा कागद घातला.