चहा न पिणाऱ्या मामांचा चहा

मामांवर अन्याय झाला तो गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वासातला, नांदेडच्या एका औषध कारखान्याच्या गेटवर. करणारा मी. हातात पत्रकांचा गठ्ठा, घसा ताणलेला.

मामा गोळ्या दाबायच्या मशीनवर होते. औषधाची भुकटी ते मुठीत दाबत आणि मूठ उघडत. भुकटी सुटी झाली तर ठीक, लाडू झाला तर मशीन बंद. ओलसर भुकटी ठशाला चिकटते आणि गोळीच्या तोंडावर देवीचे वण उठतात. "मशीनला घाई ऱ्हाती भाच्या, भुकटीला न्हाई," म्हणायचे. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्ही सगळे भाचे. मी पॅकिंगला आठ महिने होतो. तेवढ्या अनुभवावर मी कामगारांचा आवाज झालो.

मशीन थांबवलं की कारण नोंदवावं लागे. रकाने तीनच : बिघाड, सफाई, चहा. 'भुकटी ओलसर वाटते' म्हटलं की साहेब म्हणत, "वाटतं काय? आकडा दाखवा." मग मामा चहावर खूण करायचे आणि खोलीतली हवा कोरडी होईपर्यंत बसून राहायचे. मामा चहा पीतच नसत. त्यांना पित्त व्हायचं.

मग जुन्या नोंदींवरून शिकणारं सॉफ्टवेअर आलं. गोळी बिघडायच्या आधीच ते सांगणार होतं. ते शिकवायला लातूरची एक इंजिनिअर आली. मामा हौसेनं म्हणाले, "म्याडम, एकडाव मूठ दाबून तर बघा."

"मामा, डेटा आहे ना आपल्याकडे!"

डेटा होताच. दमट दिवसांतही गोळ्या झकास, मधे फक्त मामांचा चहा. सॉफ्टवेअर त्यातून एवढंच शिकलं की दमटपणानं काही बिघडत नाही. पावसाच्या पहिल्या झडीत त्यानं मशीन चालूच ठेवलं. मामा थांबवायला उठले, तर साहेब म्हणाले, "बसा, कॉम्प्युटर बघून राहिला." पिंपंच्या पिंपं भरून वणांच्या गोळ्या निघाल्या.

ही बातमी मला अर्धी कळली : चहाच्या नोंदी खोट्या होत्या आणि मशीन फसलं, एवढीच. अर्ध्या बातमीवर माझं पत्रक नेहमीच पूर्ण होतं. मथळा दिला : 'मामांचा गनिमी कावा! खोट्या नोंदींनी मशीनला चारली धूळ!!!' तिसरं उद्गारचिन्ह जाता जाता प्रेसमध्ये वाढवलं. कंपनीनं तेच पत्रक चौकशीत पुरावा म्हणून लावलं : जाणूनबुजून खोट्या नोंदी. मामांची नोकरी गेली.

ते लेकीकडे धर्माबादला निघाले तेव्हा मी स्टँडवर गेलो. रागावतील म्हणून भाषण तयार होतं. मामांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं होतं.

"भाषा लई झ्याक हाय तुझी. पण भाच्या, साहेबानं इचारलं न्हाई, म्याडमनं इचारलं न्हाई. तू तर आपला व्हतास ना रे?"

भाषण खिशातच ठेवून मी त्यांची पिशवी बसमध्ये चढवली. बस सुटली.

चौकशी पुन्हा उघडावी म्हणून अर्ज केलाय. त्यात माझी लेखी कबुली आहे, पण माझ्या शब्दाला आता कोण विचारतो? म्हणून हे पत्रक तुमच्यासाठी : मामांच्या पाळीत तुम्ही होतात. मामा मशीन का थांबवायचे, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. नोकरीची भीती मलाही कळते. तरी या, आणि पाहिलं तेवढंच लिहून खाली सही करा.