वावर कोणाच्या नावानं

माझ्या नवऱ्याने आयुष्याचा विमा उतरवला तेव्हा घरात पेढे आले होते. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. कचेरीत येणाऱ्या एका एजंटाने मागे लागून लागून त्याला पटवलं होतं. नेमकी त्याच दिवशी त्याची आत्या पिपरी मेघेहून आमच्याकडे नालवाडीला आली होती. आत्याबाईंना मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्याच्यामागे मिळालेलं वावर त्या एकट्या कसत होत्या आणि जिभेला त्यांच्या हाड नव्हतं. पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "मेल्यावर पैसे भेटते, हे समजलं. पन मानूस मेलाच नाई, नुसता पडून राह्यला, तं?"

"त्याचा इमा नसते, आत्याबाई," नवरा हसत म्हणाला.

"मंग काय कामाचा हा इमा?"

आत्याबाई हसल्या नव्हत्या. मरायची त्यांना भीती नव्हती, पडून राहायची होती. शेजारची एक म्हातारी अंथरुणात कशी सडत गेली ते त्यांनी रोज पाहिलं होतं, आणि त्या बोलता बोलता मध्येच त्या गोष्टीवर येत.

तसा हा विमा आमच्याकडे होताच, फक्त त्याला कोणी विमा म्हणत नसे. ज्याला मूलबाळ नाही त्याने भाच्याच्या किंवा पुतण्याच्या नावाने जमीन लिहून द्यायची आणि त्याने शेवटपर्यंत सांभाळायचं, अशी बोली. अडचण एवढीच, की आधी लिहून दिलं तर समोरचा फिरायची भीती, आणि नाही लिहून दिलं तर कोणाला काय पडली आहे? दिराच्या मुलांशी आत्याबाईंचं पटत नव्हतं. राहिला माझा नवरा. पण आत्याबाई बाजारात वांगंसुद्धा दाबून बघितल्याशिवाय घेत नसत.

उन्हाळ्यात, वावरात काम नसताना, त्या पिशवी घेऊन आल्या आणि बाजेवर आडव्या झाल्या. म्हणे कंबर धरली, उठवत नाही. मी बोरगावच्या शाळेत मास्तरीण होते. शाळेला सुट्टी लागलेली, त्यामुळे माझी सुटका नव्हती. नवतपा सुरू होता, कौलं नुसती तापत होती. मी त्यांना उठवून बसवायचे, अंग पुसायचे, मिठाची पुरचुंडी गरम करून कंबर शेकायचे, भांडं द्यायचे, भांडं न्यायचे. भाकरी दुधात कुस्करून भरवायचे. नवरा संध्याकाळी कचेरीतून आला की दारातूनच विचारायचा, "बरं वाटून राह्यलं न, आत्याबाई?" आणि हातपाय धुवायला जायचा.

एका दुपारी सासूबाई झोपलेल्या असताना आत्याबाई टुणकन उठल्या, माठाशी गेल्या, गटागटा पाणी प्यायल्या आणि परत येऊन कण्हू लागल्या. मी कुडापलीकडे तांदूळ निवडत होते. सगळं पाहिलं आणि तांदूळ निवडत राहिले. म्हटलं, बघू तरी कुठवर जाते ही परीक्षा.

आठवडा सरता सरता त्यांची कंबर बरी झाली. संध्याकाळी सगळे बसलेले असताना त्यांनी भाच्याच्या पाठीवर हात ठेवला. "पास झाला बाप्पा तू. वावर तुह्या नावानं लिहून देईन."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पेपर मी लिहिला आणि पास हा झाला!

"आत्याबाई," मी म्हटलं, "उचललं मी, धुतलं मी. उद्या खरंच पडल्या तं तेबी मीच करीन. मंग वावर ह्यायच्या नावानं काऊन?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सायकल काढली आणि गेला. सासूबाईंनी मात्र हातातलं सूप आपटलं. "घरची सून हायेस का मोलकरीन? म्हाताऱ्या मानसाचं करायचे दाम मांगतेस? आमच्या खानदानात असं कोनी बोललं नाई." पुढे कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि माझं बोलणं त्यांनी आळीभर पोचवलं. मला लाज वाटली पाहिजे असं सगळ्यांना वाटत होतं. मला लाज वाटत नव्हती, नुसता राग येत होता, आणि त्या रागाने मी मोरीत बसून रडले.

आत्याबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच पिपरीला निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. पोळ्याच्या सुमाराला परत आल्या. सासूबाईंच्या देखतच म्हणाल्या, "त्याच्या नावानं देलं अन् त्यानं इकून टाकलं, तं तू मले कायच्या भरोशावर पानी पाजशीन? तुह्याच नावानं लिहीन."

आणि लिहिलं. नवरा रजिस्ट्रीच्या कचेरीत सोबत आला, सह्या होईपर्यंत बाहेर पानठेल्यावर उभा राहिला.

पुढे काही वर्षांनी आत्याबाई कापसाच्या भर वेचणीत, पऱ्हाटीच्या तासात उभ्या उभ्या कोसळल्या. मी पिपरीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अंथरुणावर एक दिवससुद्धा राहिल्या नाहीत. लोक म्हणाले, मास्तरणीला वावर फुकटात पडलं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण ते खरं होतं.

त्यानंतरच्या थंडीत सासूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. त्यांच्या नावाने ना वावर होतं, ना घर. त्यांचं सगळं मीच केलं. शाळेच्या आधी, शाळेच्या नंतर, आणि मधल्या सुट्टीत सायकल मारत येऊन. चिडायचे, बोलायचे, पण करायचे. जीभ जड झाल्यामुळे त्या फारसं बोलत नसत.

एका रविवारी मी त्यांचं डोकं धुऊन केस पुसत होते. त्या तुटक तुटक म्हणाल्या, "तुले द्याले माह्याजवळ काईच नाई वं."

"मी मांगितलं का तुमाले?" मी जरा तुसडेपणानेच म्हटलं.

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मीबी केलं माह्या सासूचं. लई वर्सं केलं. मले मांगाचं सुचलंच नाई."