मुग्धाचे बाबा आणि चापाची स्प्रिंग

एका स्प्रिंगपायी अख्खं घर वेठीला धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या मैत्रिणीचे बाबा. मुग्धा आणि मी दुबईशेजारच्या अल मजाजमध्ये एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. आई गेल्यावर तिने बाबांना पुण्याहून इकडे आणलं. पुण्यात ते एका रायफल क्लबच्या एअर रायफली दुरुस्त करायचे, त्याही घरी आणून, जेवणाच्या टेबलावर. इथे तसलं काही घरात ठेवायची सोय नाही, हे कळल्यावर ते महिनाभर भिंतीकडे बघत बसले. शेवटी जावयाने दुबईतल्या एका हॉबी शॉपमधून जुन्या रायफलीच्या मॉडेलचा किट आणून दिला. लाकडी दस्ता, पितळी नळी आणि तिळाएवढ्या पिना नि स्प्रिंगा. जोडून झाल्यावर ती जेमतेम हातभर भरणार होती आणि तिच्यातून वाटाणासुद्धा उडणार नव्हता. तरी नात "आजोबा, इट्स जस्ट अ टॉय" म्हणाली, तेव्हा संध्याकाळभर त्यांनी तिच्याशी अबोला धरला.

जोडणीचे त्यांचे नियम सोवळ्याहून कडक. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरायचा, कारण गुळगुळीत टेबलावरून पिन "पळून जाते". स्प्रिंग डबीतून बाहेर आली की एसी बंद, मग बाहेर ऑगस्ट का पेटलेला असेना. शिंक आलेल्याने बाल्कनीत जाऊन शिंकायचं. स्प्रिंग बसवताना ते दोन्ही हात एका पारदर्शक पिशवीत घालून काम करत, म्हणजे ती उडाली तरी पिशवीतच राहावी. एकदा त्याच पिशवीतल्या हातांनी त्यांनी दार उघडलं, तर कुरिअरवाला पार्सल उंबऱ्यावर टाकून जिन्याने पळाला. बेल वाजली की मुग्धा त्या पसाऱ्यावर ओढणी टाकायची. "बाबा, कोणी बघितलं तर काय समजेल?" त्यावर बाबा म्हणायचे, "समजू दे की. अजून चाप कुठे बसलाय? चाप नसेल तोवर ती काठीच."

चापाची स्प्रिंग मात्र बसत नव्हती. एका शनिवारी आम्ही दोन्ही घरची माणसं पोहे खात होतो आणि बाबा "पिशवीत नीट दिसत नाही" म्हणून उघड्यावरच तिच्याशी झटत होते. टिक् असा आवाज आला आणि पाठोपाठ बाबा ओरडले, "कुणी चावू नका!" आम्ही सहा जण तोंडात घास धरून पुतळ्यासारखे बसलो. बाबांनी एकेकाची बशी चमच्याने उपसली. जावई तोंडातल्या पोह्यांतून कसाबसा म्हणाला, "यल्ला, बाबा, लवकर!" स्प्रिंग मिळाली ती माझ्या बशीत, खोबऱ्याखाली. बाबांनी ती धुतली, पुसली आणि माझ्याकडेच रागाने पाहिलं.

हसलो आम्ही तेव्हा खूप. पण त्या हसण्यात एक गोष्ट कोणी बोललं नाही. स्प्रिंग उडाली होती, कारण बाबांचा उजवा हात कापत होता. आधी त्यांनी दोष एसीला दिला, मग चष्म्याला, मग किट बनवणाऱ्यांना. डॉक्टरांनी दोष कशाला द्यायचा ते स्पष्ट सांगितलं. कंप वाढत जाणार होता, आणि औषधाने फार तर जरा दमाने वाढणार होता. घरी आल्यावर मुग्धाने सगळं सामान खोक्यात भरून कपाटावर ठेवलं. "खलास, बाबा. आता हा त्रास नको." एरवी चहात साखर कमी पडली तरी वाद घालणारा हा माणूस गप्प बसला, याचीच आम्हाला भीती वाटली. त्यानंतर ते दिवसभर बाल्कनीत बसून खाडीच्या पाण्याकडे बघत. पेपर नको, टीव्ही नको. मुग्धा ऑफिसमधून मला मेसेज करायची, "जरा डोकावशील?"

अशीच एकदा गेले होते. बाबा म्हणाले, "क्लबात सगळे म्हणायचे, काय हात आहेत तुमचे! पण बारीक पिना मी कधी बसवल्याच नाहीत. त्या मुग्धाची आई बसवायची. मी धरायचो, ती बसवायची. मुग्धा शाळेत असायची तेव्हा चालायचं हे. तिची बोटं बारीक आणि नजर तर घारीची. ती गेली तेव्हा एक रायफल टेबलावर उघडीच होती. मला ती एकट्याला जोडता येईना. तशीच परत देऊन आलो. म्हटलं, निदान एक तरी आपल्या हाताने पुरी करावी."

मागे मुग्धा उभी होती. ती लवकर घरी आली होती. आईचं हे तिला ठाऊक नव्हतं. तिने स्टूल घेतलं, खोका खाली काढला आणि टॉवेल अंथरला. बाबांनी दस्ता दोन्ही गुडघ्यांत दाबून धरला. मुग्धा चिमट्याने पिन उचलायची, ती पडायची, पुन्हा उचलायची.

"घाई नको. स्प्रिंग आधी अंगठ्याने दाब. हं. आता पिन."

"जात नाहीये, बाबा."

"जाईल. जोर नको लावू. तिला वाट सापडू दे."

चहा दोनदा गार झाला. मग एकदाची पिन आत गेली. बाबांनी थरथरत्या बोटाने चाप ओढला, तो मागे गेला आणि आपसूक जागेवर आला. मुग्धा तोंडावर ओढणी धरून स्वयंपाकघरात पळाली. नळ सोडल्याचा आवाज आला, पण भांडी घासल्याचा काही येईना.

बाबांनी ते मॉडेल डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं आणि मला जवळ बोलावलं.

"पिन उलट्या बाजूने घातलीय तिने. जाड टोक इकडे यायला हवं होतं."

"मग काढू या का?"

"नको, राहू दे," ते म्हणाले. "तिला सांगू नकोस."

दुसऱ्या थंडीत बाबा गेले. हात तर त्याआधीच गेले होते. शेवटी मुग्धा भरवायची. परवा तिच्याकडे बसले होते, तेव्हा शोकेसमधल्या त्या मॉडेलची धूळ पुसता पुसता तिने सहज विचारलं, "ते मी नीट बसवलं होतं ना गं? बाबा काही बोललेच नाहीत."

"अगदी नीट," मी म्हटलं.